इंजिन ठेवावं की बदलावं

आमच्या घरी जीप होती. मागे ईराने फोनवर विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं आणि तिच्या परीक्षेकडे विषय वळवला. निहारला जीपचा रंग जाणून घ्यायचा होता, तोही मी सांगितला नाही. रंग शेवाळी होता. जिथे तो उडाला होता तिथे दादांनी घराच्या खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला होता, त्यामुळे लांबून पाहिलं की गाडीच्या अंगावर गजकर्ण उठल्यासारखं दिसायचं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते तुम्हा दोघा नातवंडांना लिहूनच सांगायला हवं, आणि क्रमाने.

दादा म्हणजे माझे वडील. आमचं घर पाम गावात होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे वाडी. वाडीत नारळ, केळी, आणि विहिरीला लागून पानवेलींचे मांडव. सकाळी डोळे उघडायच्या आधी विहिरीवरच्या पंपाचा आवाज कानावर यायचा, मग आईच्या सुपाचा, आणि त्यानंतर बोईसरच्या नव्या कारखान्यांचा भोंगा. भोंगा मी लहान असताना नव्हता. मी मुंबईला हॉस्टेलवर गेले आणि तो आला, म्हणून सुट्टीत घरी आले की पहिले दोन-तीन दिवस मी त्याने दचकायचे. आता इथे आमच्या इमारतीत रोज सकाळी पाण्याची मोटर सुरू होते, आणि अजूनही क्षणभर मी पुढच्या आवाजाची, सुपाची वाट बघते.

माझी आई लग्नाआधी मासवणच्या पलीकडे एका लहानशा दवाखान्यात नर्स होती. लग्नानंतर तिने नोकरी सोडली, पण तिकडच्या पाड्यांवरच्या बायकांनी तिला सोडलं नाही. कुणाचे दिवस भरत आले की बाजाराला आलेल्या माणसाबरोबर निरोप यायचा आणि आई पिशवी घेऊन निघायची, आधी एसटीने आणि पुढे पायी. मी दोन वर्षांची असताना अशाच एका फेरीत ती नदीच्या उतारावर घसरली आणि तिचा हात मोडला. त्यानंतर दादांनी गाडी घ्यायचं ठरवलं. देवळालीला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. दादा एसटीने गेले आणि तीन दिवसांनी जीप स्वतः चालवत घरी आले. गाडी चालवायला ते त्या तीन दिवसांतच शिकले, असं आई शेवटपर्यंत सांगायची आणि दादा शेवटपर्यंत नाकारायचे.

जीपबरोबर एक पुस्तक आलं होतं. तेलाचे डाग पडलेलं, जाड पुठ्ठ्याचं, इंजिन कसं उघडावं आणि कसं परत जोडावं याची माहिती देणारं. ते इंग्रजीत होतं आणि दादांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. त्यांनी ते पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांशेजारी ठेवून दिलं. पुढे मला मुंबईला नन्सच्या शाळेत घातलं तेव्हा माझे काका म्हणाले होते, दादा पोरीला जीपची पोथी वाचायला शिकवतोय. सगळे हसले, दादाही हसले. मला वाटतं, ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या गाडीचा आवाज वेगळा होता. पेट्रोलचं इंजिन, खालच्या सुरात गुरगुरणारं, आणि सायलेन्सर फुटका असल्यामुळे मध्येच खाकरणारं. मासवण सोडून गाडी टेकडीच्या पायथ्याशी वळली की वरच्या पाड्यापर्यंत तो आवाज जायचा. बायकांनी त्यावरून आपली एक पद्धत बसवली होती. आवाज आला की चुलीवर मोठ्या टोपात पाणी चढवायचं, झोपडीचा एक कोपरा झाडून घ्यायचा, आणि पुरुषांनी बाहेर जायचं. आई चढ चढून पोचायची तोवर पाण्याला उकळी आलेली असायची. तिला कधी काही मागावं लागलं नाही. या पद्धतीचा दादांना फार अभिमान होता. जणू ते पाणी त्यांनीच तापवलं होतं.

माझी शाळा संपली त्या वर्षी मी सुट्टीला घरी आले तेव्हा जीप अंगणात चिंचेखाली उभी होती आणि दादा तिच्याकडे पाठ करून बसले होते. गाडी निळा धूर ओकत होती, पेट्रोलइतकंच तेल पीत होती, आणि चढावर दम टाकत होती. आदल्याच आठवड्यात टेकडीवर आईला दोनदा उतरून मागे दगड लावावा लागला होता. आई मला म्हणाली, "आलीस ते बरं झालं. तुझ्या वडिलांना आता गाडीचं सुतक आहे."

दुसऱ्या दिवशी हरीमामा आले. हे आमच्या नात्यातले नव्हेत. समुद्राकाठच्या गावात होड्यांच्या इंजिनांची कामं करायचे, आणि गाडीचं काही मोठं निघालं की दादा त्यांनाच बोलवायचे. माणूस बारीक, काळा, तोंडात कायम विडी, बहुतेक वेळा न पेटवलेली. त्यांनी इंजिन सुरू करून ऐकलं, बंद केलं, तेलाची दांडी उपसून बोटाला तेल लावून वास घेतला आणि म्हणाले, "दादा, ह्याच्यात आता काय जीव नाय. डिझेल बसवा. आमी होड्यांना बसवतो तसा. बोईसरच्या रस्त्यावर गॅरेज हाय, त्यांच्याकडे पडलेल्या गाडीचा इंजिन हाय. दोन दिवसांचा काम."

दादांनी आत जाऊन हरीमामांसाठी चहा सांगितला. यावरून आम्हाला कळलं की त्यांना पटलेलं नाही.

पुढचे तीन दिवस घरात तेवढाच विषय होता. आईला डिझेल हवं होतं. तिचं कारण एकच होतं आणि ते तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. वरच्या पाड्यावर लखमी नावाची बाई होती. तिची दोन मुलं जन्मतःच गेली होती, दोन्ही वेळा आई तिथे नव्हती. तिसऱ्या वेळी आईने तिला शब्द दिला होता की मी येईन. लखमीचे दिवस मृगाच्या सुमारास भरणार होते. मृगाच्या आत आपल्याला चढ चढणारी गाडी पाहिजे, ती कशाने चढते याच्याशी मला देणंघेणं नाही, असं आईचं म्हणणं. दादांचं म्हणणं होतं की इंजिन उघडून, सिलिंडर थोडे मोठे करून, नवे पिस्टन घालून ते पुन्हा उभं करता येईल. ते सगळं अंगणातच होईल. शिवाय पाड्यांना तो आवाज ओळखीचा आहे. यावर आई भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, "मला आवाज नको. चाकं हवीत."

शेवटी निदान उघडून बघू, असं ठरलं. हरीमामांनी आणि दादांनी इंजिनाचं डोकं उतरवलं. एक पिस्टन बाहेर काढून दादांनी रॉकेलच्या फडक्याने त्याचा काळा थर पुसला. खाली दोन आकडे ठोकलेले दिसले, चार आणि शून्य. हरीमामांनी सांगितलं की हे सिलिंडर गाडी आपल्याकडे यायच्या आधीच एकदा कुणीतरी मोठे केलेले आहेत, इंचाच्या हजार भागांतले चाळीस भाग. आता पुन्हा करायचं तर साठ. मग सिलिंडरची भिंत किती जाड उरेल ते त्यांना सांगता येईना. चिंचणीला तेव्हा घरोघर डायचं काम चालायचं. दागिन्यांचे पोलादी ठसे कोरणारी ती माणसं केसाची जाडी मोजायची. त्यांच्यातल्या एकाकडून दादांनी मोजायचं यंत्र मागून आणलं. मोजून एवढंच कळलं की सिलिंडर झिजलेत, नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. साठ चालेल की नाही, ते यंत्र कसं सांगणार.

मग दादांनी पेटीतून पुस्तक काढलं. ते त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. इतकी वर्षं ते त्या पेटीत होतं आणि इतकी वर्षं मी शाळेत होते. त्यांनी माझ्यासाठी खाट ओढली. आई तांदूळ निवडत होती, ती सूप घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली. ती म्हणाली, "पुस्तक म्हणेल तसं करू. माझं काही म्हणणं नाही." दादांनी मान हलवली. हरीमामांनी विडी कानावर ठेवली आणि मला म्हणाले, "वाच बेबीबाय. बुक काय बोलते ते बघू."

मी वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. सिलिंडर कसा मोजावा, किती ठिकाणी मोजावा, झीज किती असली तर काय करावं. दादा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं, शाळेत बक्षीस घेतानाही नाही, आणि नंतरही फार कमी वेळा. सहा वर्षं मी सुट्टीपुरती घरी यायचे. आल्यावर माझं काय करायचं ते दादांना कळत नसे, आणि त्यांच्याशी काय बोलायचं ते मला. आता ते माझ्या तोंडातून येणाऱ्या एकेका शब्दाची वाट बघत होते. पानाच्या अगदी तळाला एक ओळ ठळक अक्षरात होती. चाळीसच्या पुढे हे सिलिंडर कोणत्याही परिस्थितीत मोठे करू नयेत, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो अख्खा ओतीव ठोकळाच, बदलावा, अशा अर्थाची.

ती ओळ मी मनात वाचली. मग पान उलटलं आणि पुढच्या पानावरचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, नवे पिस्टन बसवण्याआधी कोणती काळजी घ्यावी ते.

मी ठरवून केलं का, असं तुम्ही विचाराल. मी बराच काळ स्वतःला सांगत आले की ते नकळत झालं. ते खरं नाही. ती ओळ वाचली असती तर दुसऱ्या दिवशी जीप बोईसरच्या गॅरेजमध्ये गेली असती, दोन दिवसांनी परत आली असती, आणि माझी सुट्टी नेहमीसारखी गेली असती. मला हे माहीत होतं. लखमीही माहीत होती. पण लखमीला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे मना नाही," आई म्हणाली. मी नाही म्हटलं. ती उठली. "बरं. पण मृगाच्या आत," एवढंच बोलून ती सूप घेऊन आत गेली.

त्यानंतरचे पाच आठवडे मला अजून दिवसांच्या क्रमाने आठवतात. ब्लॉक बैलगाडीतून बोईसरला नेला. मीही गेले. तिथे एका शेडमध्ये लेथवर काम करणारा उत्तरेकडचा माणूस होता. त्याने आत बोटं फिरवून मान हलवली. "सेठ, दीवार पतली हो जाएगी," तो म्हणाला. दादांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं की किताब में मना नहीं लिखा है. मी तिथेच उभी होते. माझं गप्प राहणं दादांच्या तोंडून वाक्य होऊन बाहेर पडलं, आणि लेथ सुरू झाला.

पिस्टन आणायला दादा मुंबईला जाऊन आले. मग अंगणात जोडणी सुरू झाली. चिंचेखाली गोणपाटं अंथरून त्यांवर मी प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर निघाल्या क्रमाने मांडला होता आणि खडूने नंबर घातले होते. जागा कमी पडली तेव्हा मी आईची पुरणाची परात घेतली. तिने ती नंतर चिंचेने तीनदा घासली आणि तरी तिच्यात पुन्हा कधी पुरण केलं नाही. हरीमामा एक दिवसाआड यायचे, होड्या सांभाळून. बाकीचे दिवस आम्ही दोघंच. व्हॉल्व्ह घासायचं काम दादांनी मला दिलं. एका काठीच्या टोकाला रबरी वाटी असते, ती व्हॉल्व्हवर चिकटवायची आणि काठी दोन तळहातांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची. खरखर आवाज हळूहळू मऊ होत जातो, आणि तो पुरेसा मऊ झाला की व्हॉल्व्ह बसला असं समजायचं. हे पुस्तकात नव्हतं, दादांनी कानाने शिकवलं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, अजून थोडं.

त्याच दिवसांत आईचा मसाला चालला होता. मिरच्या, धणे, खोबरं भाजल्याचा वास आणि रॉकेलचा वास त्या अंगणात एक झाले होते. तुमच्याकडच्या दुकानातल्या मसाल्याला मी नावं ठेवते तेव्हा तुम्ही हसता. त्यात रॉकेल नसतं, हे मी तुम्हाला कसं सांगू. दुपारी जेवायला दादा हात धुवायला तयार नसायचे, ग्रीस निघत नाही म्हणून. मग मीच तांदळाच्या भाकरीचा तुकडा सुक्या बोंबलाच्या चटणीला लावून त्यांच्या तोंडात घालायचे. ते इंजिनाकडे बघत चावायचे. आई दारातून बघून म्हणायची, "लेकीचा संसार मांडलाय की जीपचा?" चार वाजता हरीमामा आले तर येताना ताडगोळे आणायचे. ते सोलून आम्ही तिघं चिंचेखाली बसून खायचो आणि हरीमामा दादांना होड्यांच्या गोष्टी सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बेबीबाय, कॉलेजात हा असलाच शिकवतात?" मी म्हटलं, कविता शिकवतात. त्यांना ते पटलं नाही.

डोक्याचे बोल्ट आवळायचा दिवस आला. ते ठरावीक क्रमाने आवळायचे असतात, मधून सुरू करून कडेला जायचं, आणि तीन फेऱ्यांत. मी पुस्तकातली आकृती बघून नंबर सांगत होते आणि दादा आवळत होते. सात. तीन. नऊ. आमच्यात त्या दिवशी आकड्यांशिवाय दुसरा शब्द झाला नसेल, आणि तरी आयुष्यात कुणाशी मी इतकं बोलले नाही. संध्याकाळी दादांनी हँडल मारलं. तिसऱ्या फटक्याला इंजिन लागलं. आवाज पूर्वीचाच, पण तरुण झाल्यासारखा. आई ओल्या हातांनी बाहेर आली. बराच वेळ ऐकून म्हणाली की चांगलं वाटतंय. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांतलं ते ग्रीस मी तीन दिवस धुतलं नाही.

मृगाला चार दिवस असताना निरोप आला. लखमीचा नवरा रूपजी बाजाराला येणाऱ्या एकाला सांगून परत फिरला होता. लखमीच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. आम्ही दुपारीच निघालो. मी हट्ट करून मागे बसले. पालघर ओलांडून मासवणपर्यंत गाडी छान गेली. हवा तापून थिजली होती, रस्त्याच्या कडेला जांभळं पडून फुटली होती. मासवण सोडलं. पायथ्याचं वळण यायला मैलभर अंतर राहिलं असताना मागून पांढरा धूर यायला लागला. मी आधी धूळ समजले. मग इंजिन एकदा अडखळलं, आतून कुणी दगड टाकल्यासारखा आवाज झाला, आणि गाडी थांबली. दादांनी बॉनेट उघडलं. पाणी कुठून जातंय ते बाहेरून दिसत नव्हतं. ते सिलिंडरच्या आत जात होतं. पातळ झालेली भिंत फुटली होती.

आईने पिशवी घेतली, मला म्हणाली चल, आणि आम्ही चालायला लागलो. ती पुढे आणि मी मागे. चढावर तिला धाप लागली तरी ती थांबेना. तासापेक्षा जास्त वेळ लागला. पाड्यावर पोचलो तेव्हा रूपजी बाहेर उकिडवा बसला होता. तो उठला नाही. झोपडीच्या दारात लखमीची सासू उभी होती. "बाय, आमी कान लावून होतो," ती म्हणाली. "तुजा आवाज काय आला नाय."

चूल विझलेली होती. आवाज आला नव्हता, म्हणून पाणी चढवलं नव्हतं. मूल होऊन गेलं होतं. ते रडलं नव्हतं. म्हातारीने त्याला सुपात, फडक्यावर ठेवलं होतं. आईने त्याला उचललं, बोटाने तोंड साफ केलं, फुंकर घातली, पाठ चोळली. कितीतरी वेळ ती ते करत राहिली, सगळ्यांना कळल्यानंतरही. मग तिने त्याला पुन्हा सुपात ठेवलं आणि लखमीकडे वळली, कारण लखमीचं रक्त थांबत नव्हतं. मला पाणी तापवायला सांगितलं. ते थांबवायला आईला सूर्य कलेपर्यंत वेळ लागला, पण तिने ते थांबवलं. मग ती मला म्हणाली, मी इथेच राहते, तू उजेड आहे तोवर रूपजीच्या भावाबरोबर खाली जा आणि दादांना सांग.

दादा जीपच्या पायरीवर बसले होते. मी सांगितलं. रूपजीचा भाऊ जीप ओढायला बैल मिळतात का ते बघायला मासवणच्या बाजूला गेला. आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी तळाच्या ओळीबद्दलही सांगितलं. ती शब्दाला शब्द पाठ होती, म्हणून आधी इंग्रजीत म्हटली आणि मग मराठीत. दादा हातातलं फडकं उलटसुलट करत होते. वाटलं ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"आकडे मला वाचता येतात, बेबी," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की मी खाटेवर होते, ते माझ्या शेजारीच बसले होते, पानाच्या तळाला ठळक अक्षरांत चाळीसचा आकडा त्यांनी पाहिला होता. त्याच्याभोवती काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकड्यावर अडखळून मी पान उलटलेलं त्यांना दिसलं होतं. तेव्हा विचारता आलं असतं. "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," ते म्हणाले. "म्हणून नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी आई खाली आली तेव्हा दादांनी तिला सगळं सांगितलं. माझ्या वाट्याचंही तेच सांगायला लागले, पण तेवढं मी मध्ये पडून सांगितलं. आई वाटेच्या कडेला दगडावर बसून ऐकत होती. तिच्या साडीवर डाग होते. ती म्हणाली, "मी तासभर आधी पोचले असते तर ते वाचलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतंच वाचलं. हे मला कधीच कळणार नाही. आता तुम्हा दोघांनाही नाही." मग ती उठून बैलांना कुठून जुंपायचं ते बघायला गेली. ती या विषयावर पुन्हा कधीही बोलली नाही. आम्ही दोघांनी ते न कळणं घेतलं आणि ठेवलं.

बोईसरच्या गॅरेजमध्ये डिझेल इंजिन बसवायला खरंच दोन दिवस लागले. तिथल्या माणसांना पुस्तक लागलं नाही. आवाज ट्रकसारखा होता, दारं थरथरायची, पण गाडी चढावर कधी अडली नाही. पाड्यावरच्या बायकांना महिना-दोन महिने तो परका वाटला. मग त्यांनी तो आवाज शिकून घेतला आणि पाणी वेळेवर तापायला लागलं. एवढी सोपी गोष्ट होती ती. मी कॉलेजला निघाले त्या सकाळी दादांनी मला स्टेशनवर सोडलं. वाटेत आम्ही बोललो नाही, त्या आवाजात बोलणं ऐकू आलंही नसतं.

तुम्ही दोघं मोठे झाला आहात म्हणून हेही लिहिते. त्या पाच आठवड्यांची मला जितकी आठवण येते तितकी आयुष्यातल्या दुसऱ्या कशाचीही येत नाही. लग्नाची नाही, तुमच्या आईच्या जन्माचीसुद्धा नाही. येऊ नये असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. ज्या दिवसांची किंमत तिसऱ्याच कुणी दिली त्यांच्यासाठी झुरणं शोभत नाही, हे मला कळतं. आज ते पुस्तक हातात दिलं तर मी ती ओळ वाचेन. आणि वाचून झाल्यावर चिंचेखालच्या त्या गोणपाटाकडे बघत बसेन.

दादांची पोस्टकार्डं हॉस्टेलवर यायची. शाळेत असताना त्यांच्या प्रत्येक कार्डाचा निम्मा भाग जीपने व्यापलेला असायचा. कुठे पंक्चर झाली, कार्बोरेटरमध्ये काय अडकलं, कोणत्या चढावर कोणता गिअर टाकला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी एक कार्ड आलं. लखमीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, तुझी आई वेळेवर पोचली, पानवेलींना यंदा पाणी पुरतं आहे, तब्येत सांभाळ. तेवढंच. मी कार्ड उलटून पत्त्याची बाजू पाहिली. तिकडेही जीपबद्दल काही नव्हतं. मुलगी झाल्याचा मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, मी मैत्रिणींना पेढेसुद्धा वाटले. मग पलंगावर बसून मी रडले, कारण तो चढ गाडी कोणत्या गिअरमध्ये चढली ते दादांनी मला कळवलं नव्हतं, आणि पुढे कधीही कळवलं नाही.